क्रूझचं अजून नक्की नाही: उरलेले पैसे भरावेत की आत्ताच रद्द करावं?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय आणि जरा घाईचा आहे, म्हणून वेगळा धागा काढते.

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. दोन्ही काका-काकू, आत्या, आम्ही भावंडं आणि पोरं धरून चौदा जणांनी सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करायचं ठरवलं. ठाण्यातल्याच एका एजन्सीकडे जुलैमध्ये बुकिंग केलं, जहाज डिसेंबरात सुटणार. पंचवीस टक्के ॲडव्हान्स भरलाय. बाकीचे पैसे सुटण्याच्या साठ दिवस आधी भरायचे, म्हणजे येत्या पंधरवड्यात. विमानाची तिकिटं मी वेगळी काढलीत आणि ती नॉन-रिफंडेबल आहेत.

गेल्या आठवड्यात एजन्सीने एक मेल पुढे पाठवली. त्यात म्हटलंय की जहाजाच्या तांत्रिक देखभालीमुळे डिसेंबरमधल्या काही फेऱ्यांचं वेळापत्रक तपासलं जात आहे. रद्द झालीय असं लिहिलेलं नाही आणि होणार असंही नाही. एजन्सीला फोन केला तर म्हणतात, "मॅडम, फायनल पेमेंट वेळेत करा, नाहीतर बुकिंग आपोआप रद्द होईल आणि ॲडव्हान्स जाईल." आम्ही आत्ता स्वतःहून रद्द केलं तर ॲडव्हान्समधले निम्मे कापणार.

भरावेत की सोडून द्यावं? बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. ते रोज नातवंडांना जहाजाचे व्हिडिओ दाखवतायत.

उपवन_तळं
आधी आई-बाबांना शुभेच्छा! आणि एक गोष्ट लगेच: स्वतःहून 'रद्द करा' असं कुठेही लिहू नका, व्हॉट्सॲपवरसुद्धा नको.

पामबीच_रोड
उपवन यांना +१. कोरोनात आमचं मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग होतं. जहाज सुटणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं, तरी कंपनी अधिकृतपणे काही बोलेना. आमच्यातल्या दोन कुटुंबांनी वैतागून आधीच रद्द केलं, त्यांचे पैसे कापले गेले. आम्ही थांबलो, तर कंपनीने रद्द केल्यावर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट दिली. पण ती वापरायला पुन्हा जहाज तर सुरू व्हायला हवं ना! मुदत संपून गेली. म्हणून माझं सांगणं, थांबा, पण क्रेडिट घेऊ नका, रोखच मागा. 'फ्यूचर क्रूझ क्रेडिट' हा शब्द ऐकायला गोड आहे, वर दहा-वीस टक्के जास्तीचे देऊ असंही सांगतात. पण कंपनी बसली तर त्या क्रेडिटचं काहीच उरत नाही.

कळवा_नाका
मी उलट सांगेन. सोडून द्या. निम्मा ॲडव्हान्स म्हणजे एकूण रकमेच्या साडेबारा टक्के. तेवढं गेलं तर गेलं, मन तरी शांत. उद्या पूर्ण पैसे भरून बसलात आणि कंपनीने हात वर केले तर शंभर टक्क्यांच्या मागे धावावं लागेल. चौदा जणांचे पैसे आहेत, थोडेथोडके नाहीत. लोणावळ्याला बंगला घ्या, केटरर लावा, पन्नासावा वाढदिवस झोकात करा.

उपवन_तळं
वाढदिवस नाही हो, लग्नाचा वाढदिवस. बंगल्यात पाणी बघायचं असेल तर आमच्या उपवनला या, पेडल बोटीत चौघे बसतात, चौदा जणांना चार बोटी. रिफंडची भानगड नाही.

दर्यावर्दी
मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, आता नेरूळला निवृत्त. 'तांत्रिक देखभाल' या दोन शब्दांच्या मागे काय असू शकतं ते सांगतो, म्हणजे अंदाज बांधता येईल.

प्रवासी जहाजाच्या तळाची तपासणी दरवर्षी होते आणि पाच वर्षांत किमान दोनदा ती ड्रायडॉकमध्येच, म्हणजे जहाज पाण्याबाहेर कोरडं उभं करूनच, करावी लागते. या तारखा खूप आधी ठरलेल्या असतात, त्यामुळे ठरलेल्या ड्रायडॉकसाठी कोणी विकलेल्या फेऱ्या अशा उशिरा तपासायला घेत नाही. म्हणजे बहुधा दोनपैकी एक: ड्रायडॉकमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त काम निघालंय, किंवा प्रोपल्शनमध्ये, म्हणजे जहाज पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेत, बिघाड आहे. आजकालच्या बऱ्याच मोठ्या क्रूझ जहाजांना जहाजाच्या पोटाखाली पंखा बसवलेले फिरणारे पॉड असतात. त्यातल्या बेअरिंगचं दुखणं निघालं तर सुटे भाग आणि ड्रायडॉकची जागा दोन्ही मिळेपर्यंत जहाज कमी वेगाने चालवतात. वेग कमी झाला की फेरीतलं एखादं बंदर गाळतात किंवा रात्री कमी करतात. पूर्ण रद्द होण्यापेक्षा असा बदल होण्याची शक्यता मला जास्त वाटते.

त्यामुळे एजन्सीला 'क्रूझ होणार का' एवढंच विचारू नका. आत्ता जहाज कुठे आहे, प्रवासी घेऊन फिरतंय की यार्डात आहे, हे विचारा. जहाजाचं नाव टाकलं की त्याची जागा दाखवणाऱ्या साइट फुकट आहेत. यार्डात उभं असेल आणि परतायची तारीख पुढे जात असेल तर समजून जा.

आणि कळवा_नाका म्हणतात ती भीती खोटी नाही. मुंबईकरांना कर्णिका आठवत असेल. २०१९ च्या एप्रिलमध्ये थाटात सुरू झालेलं जहाज, कोरोनात कंपनी बंद पडली आणि २०२० संपायच्या आत जहाज अलंगला तोडायला गेलं. कंपनी बुडाली की जहाजाच्या विक्रीतून पैसे कोणाला आधी मिळतात याचा क्रम कायद्यात आहे. आपल्याकडचा २०१७ चा ॲडमिरल्टी (जहाजांवरच्या दाव्यांचा) कायदा बघा. सर्वांत आधी खलाशांचा पगार, मग मृत्यू किंवा इजेचे दावे, मग सॅल्व्हेज (संकटातलं जहाज वाचवणाऱ्यांचा मोबदला), मग बंदराची देणी. प्रवाशाने भरलेला ॲडव्हान्स त्या यादीत नाही. खलाशांचा पगार पहिला आहे हे योग्यच आहे, मी त्या बाजूचा माणूस आहे. पण प्रवाशाने आपली जागा ओळखून असावं.

घोडबंदरकर
दर्यावर्दी काका, खूप आभार. जहाज आत्ता बघितलं, यार्डातच आहे.

न्यायाची_चाड
वकिली करते, ग्राहक प्रकरणं बरीच बघते. सगळा प्रश्न एका गोष्टीवर उभा आहे: आधी कोण रद्द करतं? तुम्ही रद्द केलं तर टक्केवारीचा तक्ता लागतो आणि सुटायची तारीख जवळ येईल तशी कापली जाणारी रक्कम वाढते. कंपनीने रद्द केलं तर जवळपास प्रत्येक क्रूझ करारात पूर्ण परतावा असतो. म्हणून अशा अनिश्चित काळात कंपनी गप्प राहते आणि प्रवासी कंटाळून आधी रद्द करतो. यात त्यांचा फायदा आहे.

आता घोडबंदरकर यांचा मूळ प्रश्न. पैसे भरायचे की नाही हे कंपनीवर जितकं अवलंबून आहे तितकंच तुमच्या मनावर आहे. जहाज सुटलं तर तुम्हाला नक्की जायचंय का? हो असेल तर भरा, कारण कंपनीने रद्द केलं तर पूर्ण परत मिळायला हवेत. पण घरात आत्ताच दोन मतं असतील, कोणाची सुट्टी नक्की नसेल, तर आज बाहेर पडा. एकदा फायनल पेमेंट झालं की पुढच्या टप्प्यात जास्त कापतात आणि शेवटच्या दिवसांत काहीच परत मिळत नाही. 'भरून ठेवू, नंतर बघू' हा सगळ्यात महागडा मार्ग आहे.

भरायच्या आधी एजन्सीला ही मेल पाठवा, शब्द बदलू नका:

"आपण पाठवलेल्या सूचनेनुसार आमच्या फेरीचे वेळापत्रक निश्चित नाही. आम्ही बुकिंग रद्द करत नाही व प्रवास करण्यास तयार आहोत. (१) फेरी निश्चित होईपर्यंत अंतिम रक्कम भरण्याची मुदत वाढवावी. (२) फेरी रद्द झाल्यास, तारीख बदलल्यास किंवा रात्री कमी झाल्यास रक्कम मूळ खात्यात रोख परत मिळेल हे लेखी कळवावे. (३) क्रूझ कंपनीचा आमच्या नावचा बुकिंग क्रमांक व आजवर कंपनीला प्रत्यक्ष भरलेली रक्कम कळवावी."

तिसरा मुद्दा गाळू नका. तुमचे पैसे अजून एजन्सीच्या खात्यात आहेत की कंपनीकडे गेलेत, हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नाही.

वाशी_प्लाझा
माझा स्वतःचा ट्रॅव्हलचा व्यवसाय आहे, लहानसा. एजंटची बाजूही कोणी मांडायला हवी.

ग्रुप बुकिंगमध्ये आम्ही केबिन आधीच उचलून ठेवतो, त्यासाठी आमचे पैसे अडकतात. कंपनीने आम्हाला दिलेली मुदत चुकली तर केबिन त्यांच्या सिस्टीममधून सुटतात आणि मग त्याच दरात परत मिळत नाहीत. एजंट 'वेळेत भरा' म्हणतो तेव्हा तो नेहमी फसवत असतो असं नाही. फेरी होणार की नाही हे आम्हालाही तुमच्याइतकंच माहीत असतं, कधीकधी कमी. ग्राहकाचे शिव्याशाप मात्र आम्हीच खातो.

एक व्यवहारातली गोष्ट. क्रूझचं भाडं दोघांत एक केबिन असं धरलेलं असतं. केबिनमधला एक जण गळला तर दुसऱ्याला बहुतेक ठिकाणी दोघांचं भाडं लागतं. त्यामुळे चौदापैकी काही जणांनी माघार घ्यायची झाली तर माणसं मोजू नका, केबिन मोजा. सबंध केबिन सोडा आणि उरलेल्यांची नीट जुळणी करून घ्या. तिसऱ्या-चौथ्या बर्थचं भाडं कमी असतं, पोरांना तिकडे हलवता आलं तर बघा.

पामबीच_रोड
वाशी_प्लाझा, तुमची अडचण पटते. पण मग कंपनीची मूळ मेल ग्राहकाला पूर्ण द्या ना. अर्धी मेल कॉपी करून पाठवायची आणि नियम विचारले की 'आमच्याकडे असंच असतं' म्हणायचं, हे किती ठिकाणी चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. कमिशन घेता ते माहिती देण्यासाठीही असतं.

वाशी_प्लाझा
मान्य. मूळ मेल ग्राहकाला मिळायलाच हवी, ती त्याची आहे. आमच्याकडे देतो. घोडबंदरकर ताई, आलेली मेल पूर्ण आहे का ते विचारा.

मासुंदा
चौदा जण म्हणजे क्रूझ कंपनीला तुमच्यासाठी वेगळं जहाज काढायला सांगा. 🙂

सीवूड्स_आजी
मी आणि आमचे हे दोघांनी क्रूझ केलीय, वय विचारू नका. मुलीला एवढंच सांगेन की आई-बाबांना आजच खरं सांग. आम्हा म्हाताऱ्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं. पोरं लपवतात आणि मग ऐन वेळी आमचा रक्तदाब वाढतो. ज्यांच्यासाठी चाललाय त्यांनाच विचार की तारीख बदलली तर चालेल का. कदाचित त्यांना जहाजापेक्षा चौदा जण एकत्र असण्याचं अप्रूप असेल.

जहाज लागतं का म्हणून घाबरू नका, मधल्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागाची केबिन घ्या, तिथे कमी हलतं. जेवणाचं आधी सांगून ठेवलं तर कांदा-लसूण नसलेलंही मिळतं. मी सोबत मेतकूट नेलं होतं.

कळवा_नाका
आजी, मेतकूट नेलं म्हणजे क्रूझ सुफळ संपूर्ण.

खारेगाव_खाडी
पैसे कशाने भरलेत हे कोणी विचारलंच नाही. ॲडव्हान्स यूपीआयने किंवा एनईएफटीने गेला असेल तर तो गेला, तिथे भांडायला बँक मध्ये येत नाही. उरलेले भरायचेच ठरले तर क्रेडिट कार्डने भरा. सेवा मिळाली नाही आणि परतावाही नाकारला, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे डिस्प्यूट टाकता येतो, ज्याला चार्जबॅक म्हणतात. त्याला मुदत असते, साधारण १२० दिवस. सेवा मिळालीच नाही अशा प्रकरणात ती सेवा मिळायला हवी होती त्या तारखेपासून धरतात. पण तुमच्या बँकेला आधी विचारून घ्या, काही बँका व्यवहाराची तारीख पुढे करतात. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

एजंट कार्डावर दोन टक्के जास्तीचे मागेल. एरवी मी देत नाही, इथे देईन.

ऐरोली_सेक्टर_८
खारेगाव, पटलं नाही. चार्जबॅक टाकला की एजंट लगेच बुकिंग गोठवतो आणि वाद वाढतो. आमच्या ओळखीत असं झालंय. वर चौदा जणांची रक्कम एका कार्डाच्या मर्यादेत बसणार कशी?

खारेगाव_खाडी
चार्जबॅक पहिल्या दिवशी टाकायचा नसतोच, ते शेवटचं हत्यार. आधी लेखी मागणी, मग नकार, मग बँक. तो लेखी नकारच बँक पुरावा म्हणून मागते. आणि रक्कम दोन-तीन कार्डांवर विभागा, प्रत्येक कुटुंब आपापल्या केबिनचं भरू दे. नाहीतरी एकाच्या नावावर सगळं असणं बरं नाही.

कागदपत्र
शेवटचं वाक्य अधोरेखित करतो. सीए आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजन्सी टीसीएस, म्हणजे बिलाबरोबरच आगाऊ आयकर, घेते आणि तो पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर जातो. घोडबंदरकर यांनी चौदा जणांचे पैसे स्वतःच्या नावे भरले असतील तर सगळा टीसीएस त्यांच्याच पॅनवर दिसेल. काकांच्या वाट्याचा टीसीएस काकांना मिळणार नाही, घरात हिशेब करावा लागेल. प्रत्येक कुटुंबाचं बिल वेगळं मागा.

सहल रद्द झाल्यावर एजन्सी म्हणते, 'टीसीएस सरकारकडे भरला, तो आम्ही परत देणार नाही.' खरंच भरला असेल तर तो २६एएस या आयकराच्या वार्षिक उताऱ्यात दिसतो आणि विवरणपत्रात करातून वळता होतो किंवा परतावा म्हणून येतो. दिसत नसेल तर तो एजन्सीकडेच आहे, तो मागा.

जीएसटीचं वेगळं. जेवढी रक्कम परत मिळते तेवढ्यावरचा जीएसटीही परत यायला हवा, त्यासाठी एजन्सीने क्रेडिट नोट (बिल कमी केल्याची पावती) काढायची असते. जी रक्कम रद्द करण्याचं शुल्क म्हणून कापतात तिच्यावर मूळ सेवेच्या दरानेच जीएसटी लागतो, २०२२ च्या ऑगस्टमधल्या परिपत्रकाने ते स्पष्ट झालंय. काही एजन्सी कापलेल्या रकमेवर अठरा टक्के लावतात, तेव्हा बिल नीट वाचा.

बेलापूर_जेट्टी
अवांतर: आपल्या बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाली तेव्हा (फेब्रुवारी २०२२) किती हौसेने गेलो होतो! खाडीतून मुंबईकडे जाताना ऊन चढायच्या आत निघालं तर फार सुंदर दिसतं. ती नियमित चालावी असं मनापासून वाटतं. रोज जाणाऱ्यांची सोय होईल आणि ठाणे-बेलापूर रोड थोडा मोकळा होईल. मुद्द्यावर यायचं तर विमा काढलाय का?

घोडबंदरकर
नाही. आता काढला तर चालेल?

बेलापूर_जेट्टी
विमा कंपनीत होतो म्हणून विचारलं. या कारणासाठी आता उपयोग नाही. वेळापत्रक अनिश्चित आहे हे तुम्हाला मेलने कळलंय. पॉलिसी घ्यायच्या आधी माहीत असलेल्या गोष्टीचा दावा टिकत नाही. शिवाय ट्रिप कॅन्सलेशनमध्ये कारणं मोजकी लिहिलेली असतात: स्वतः किंवा जवळचा नातेवाईक रुग्णालयात दाखल होणं, मृत्यू, नैसर्गिक आपत्ती वगैरे. एजन्सी किंवा जहाज कंपनी बुडणं हे बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं. पण ज्येष्ठ मंडळी सोबत आहेत, वैद्यकीय खर्चासाठी विमा काढाच. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये येतं. आधीचे आजार लपवू नका.

आणि अरबी समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळं येतात. मुंबईहून क्रूझ करणाऱ्यांनी पॉलिसी बुकिंगच्या दिवशीच घ्यावी. वादळाला नाव पडल्यावर घेतली तर तोच 'आधीच माहीत होतं' चा नियम लागतो.

घोडबंदरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. न्यायाची_चाड ताईंची मेल जशीच्या तशी पाठवली. काल रात्री आई-बाबांना सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तारीख आपली आहे, जहाज त्यांचं आहे. पुढे-मागे झालं तरी चालेल, पण सगळे हवेत." आता माझ्या जिवाला घोर विमानाचा आहे. तिकिटं नॉन-रिफंडेबल, म्हणजे सगळं गेलं का?

ऐरोली_सेक्टर_८
सगळं नाही. भारतीय विमान कंपनीचं तिकीट असेल तर डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमानुसार नॉन-रिफंडेबल तिकिटावरही विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात. चौदा जणांचे मिळून बरे होतात. साइटवर आपोआप दिसत नाहीत, मागावे लागतात. पण रद्द करायच्या आधी तारीख बदलायला किती लागतात ते बघा, बऱ्याचदा ते स्वस्त पडतं. क्रूझचं कळेपर्यंत तिकिटाला हात लावू नका.

अमेरिकावारी
नेरूळचीच, सध्या सिएटलला. इथल्या बंदरातून सुटणाऱ्या क्रूझसाठी २०२२ पासून नियम आहे: जहाज सुटायला तीन दिवस किंवा जास्त उशीर झाला आणि प्रवाशाला जायचं नसेल तर पैसे परत करावेच लागतात. अलास्का करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आपल्याकडे जहाजासाठी असं काहीतरी यायला हवं. विमानाला आहे, जहाजाला का नसावं? सरकार 'क्रूझ भारत' म्हणतंय, बॅलार्ड पियरला नवं टर्मिनल झालं, मग प्रवाशाच्या पैशाचं संरक्षणही त्याच वेगाने यावं.

न्यायाची_चाड
अमेरिकावारी, अगदी खरं. तोवर आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे आणि तो पुरेसा धारदार आहे. बुकिंग वेबसाइट किंवा ॲपवरून झालं असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत सरळ लिहिलंय की कंपनी स्वतः एकतर्फी रद्द करताना तसाच भुर्दंड सोसत नसेल, तर ग्राहकाकडून रद्द करण्याचं शुल्क घेता येत नाही. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं.

तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, सिंगापूरला जायची गरज नाही. ठाण्याचा जिल्हा आयोग कोर्ट नाक्याला आणि नवी मुंबईकरांसाठी अतिरिक्त आयोग बेलापूरच्या कोकण भवनात. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग चालतो. मुदत दोन वर्षं. करारात लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी खाजगी पंचाकडे न्यायचा) आहे म्हणून कोणी घाबरवलं तर घाबरू नका. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

कळवा_नाका
ताई, कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, खरा कधी लागतो ते पण सांगा. माझ्या मेहुण्याचं फ्रिजचं प्रकरण चालू झालं तेव्हा भाची बालवाडीत होती, आता ती स्वतः सायकलने शाळेत जाते.

न्यायाची_चाड
वेळ लागतो, हे नाकारणार नाही, आणि त्याचा मला रोज त्रास होतो. म्हणूनच आधी १९१५ ला फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलतात. ते निकाल देत नाहीत, पण कंपनीकडे तक्रार पाठवतात आणि पाठपुरावा करतात. छोट्या-मध्यम रकमेची कितीतरी प्रकरणं तिथेच मिटतात. आयोगापर्यंत जायची वेळ आली तरी १९१५ चा तक्रार क्रमांक कामाला येतो.

मासुंदा
वाचनखूण साठवली. आमचं मार्चमधलं बुकिंग आहे, अजून मेल आली नाही, पण आता मीच पाठवणार.

घोडबंदरकर
काय झालं ते सांगायला आले, उशीर झाला खरा.

मेल पाठवल्यावर दोन दिवस शांतता. मग एजन्सीने अंतिम रक्कम भरायची मुदत दहा दिवसांनी वाढवली आणि बुकिंग क्रमांक दिला. तो घेऊन मी थेट क्रूझ कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिलं. दर्यावर्दी काका म्हणाले तसंच निघालं: फेरी रद्द नाही, पण तीन दिवस पुढे गेली आणि चारऐवजी तीन रात्रींची झाली. एजन्सीने आम्हाला एवढंच कळवलं आणि वर लिहिलं, 'पसंत नसल्यास नियमानुसार कपात करून परतावा.' कंपनीच्या मूळ सूचनेत मात्र तीन पर्याय होते: नवी तारीख आणि कमी झालेल्या रात्रीचे पैसे परत, क्रेडिट, किंवा पूर्ण परतावा. तिसरा पर्याय आमच्यापर्यंत आलाच नव्हता. पामबीच_रोड, तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं ठरलं.

घरात बसून ठरवलं. धाकट्या भावाच्या मुलांची परीक्षा नव्या तारखेत येते, ते चौघे आणि आत्या येणार नाहीत. वाशी_प्लाझा यांचा सल्ला आठवून सबंध दोन केबिन सोडल्या, आत्याची जोडीदार असलेली माझी मुलगी आमच्या केबिनमध्ये तिसऱ्या बर्थवर आली. उरलेले नऊ जण जातोय, आई-बाबांसह. उरलेली रक्कम प्रत्येक कुटुंबाने आपापल्या कार्डाने भरली. विमानाची तारीख बदलायला पैसे गेले, ते कंपनीकडे मागितलेत, अजून उत्तर नाही. न येणाऱ्यांच्या तिकिटांवरचे कर मागून घेतले, मिळाले.

पाच जणांच्या परताव्यातून एजन्सीने 'सेवा शुल्क' म्हणून माणशी अडीच हजार कापले. बिलात ते कुठेच नव्हतं. १९१५ ला तक्रार नोंदवली. पुढच्या आठवड्यात एजन्सीचा स्वतःहून फोन आला, व्हिसाचा खर्च सोडून बाकी परत देतो म्हणाले. व्हिसाचे पैसे जायचेच होते, त्याला हरकत घेतली नाही.

भाऊ येणार नाही याचं बाबांना वाईट वाटतंय. परत आलो की ठाण्यातच सगळ्यांचं एकत्र जेवण करणार आहोत.

सीवूड्स_आजी
छान केलंस ग. बाबांना सांग, जहाजावरून रोज व्हिडिओ कॉल करा, पण जहाजाचं वायफाय महाग असतं, बंदरात उतरल्यावर करा.

दर्यावर्दी
तीन रात्रींत बहुधा एकच बंदर घेतील. वेळापत्रक पुन्हा तपासा, गाळलेल्या बंदराचं शुल्कही वेगळं परत मिळायला हवं. ते बऱ्याचदा जहाजावरच्या तुमच्या खात्यात जमा करतात, उतरायच्या आधी बिलात बघून घ्या.

घोडबंदरकर
हे माहीत नव्हतं काका, बघते. कागदपत्र, एक विचारायचं राहिलं. परताव्यात टीसीएस धरलेला नाही. २६एएसमध्ये बघितलं तर ॲडव्हान्सवरचा माझ्या नावावर दिसतोय, त्यात भावाचाही हिस्सा आहे. काय करू?

कागदपत्र
दिसतोय म्हणजे सरकारकडे जमा आहे, काळजी नाही. तुमच्याच विवरणपत्रात पूर्ण दाखवा आणि भावाच्या वाट्याची रक्कम त्याला तुम्ही द्या. एजन्सीकडून टीसीएसचं २७डी प्रमाणपत्र मागून फायलीला लावा.